बिडाची पत्रपेटी : परिसर-इतिहासाचा एक पाठ

इतिहास शिकविताना गड, देवळे व शिलालेख यांचा निर्देश होतो. परंतु रस्त्यावरील जुन्या पत्रपेटीकडे सहसा लक्ष जात नाही. वस्तुतः मुलांना हाताने स्पर्श करता येईल असे ते इतिहासाचे साधन होय. चौथी-पाचवीच्या वर्गांसाठी पुढील पाठ योजावा.

विवेचन : पत्र पेटीत टाकून मनुष्य निघून जातो, मग टपालखर्च कोण घेते? या प्रश्नाने आरंभ करावा. तिकिटाच्या रूपाने खर्च आगाऊ भरता येऊ लागला, म्हणूनच अशी पेटी शक्य झाली. ब्रिटनमध्ये १८४० साली तिकीट निघाले. पुढे टपालखात्यातील अधिकारी व कादंबरीकार अँथनी ट्रोलोप यांच्या सूचनेवरून १८५२ मध्ये जर्सी बेटावर रस्त्यात पेट्या उभ्या राहिल्या. हिंदुस्थानात १ ऑक्टोबर १८५४ पासून पाव तोळ्यापर्यंतच्या पत्रास, अंतर कितीही असो, अर्धा आणा हा एकच दर झाला. भंडारा ज्यात होते ते नागपूरकर भोसल्यांचे राज्य त्याच वर्षी खालसा झाले होते, हेही मुलांस सांगावे.

निरीक्षण : वितळलेले बीड वाळूच्या साच्यात ओतून जुन्या पेट्या घडवीत, त्यामुळे अक्षरे व चिन्हे पृष्ठभागावर उठून दिसतात. राजमुकुट आढळल्यास पेटी बहुधा १९४७ पूर्वीची समजावी. मुलांनी पेटीचे चित्र काढावे, दोरीने घेर मोजावा व अक्षरे जशीच्या तशी उतरवून घ्यावीत. गावात बिडाची पेटी नसल्यास पत्र्याची पाहावी व तालुक्याच्या गावी सहलीस गेल्यावर दोहोंची तुलना करावी.

जतन : बीड कठीण खरे, पण ठिसूळ. गाडीचा जोराचा धक्का बसल्यास ते वाकत नाही, तडकते. रंगाचे थर साचले की अक्षरे बुजतात. रस्ता उंचावला की पाया गाडला जातो. तथापि पेटी टपालखात्याची मालमत्ता असल्याने मुलांनी ती खरवडू वा रंगवू नये. दोष आढळल्यास शिक्षकांनी टपाल कार्यालयास लेखी कळवावे.

ज्या पेटीत पत्रे पडत नाहीत, ती उचलली जाण्याचा संभव असतो. आणि भंगारात बिडाला केवळ वजनाचा भाव मिळतो. म्हणून पाठाच्या शेवटी प्रत्येक मुलाने कामानिमित्त परगावी असलेल्या आप्तास एक पोस्टकार्ड लिहून स्वहस्ते पेटीत टाकावे. पेटीची नोंद शाळेच्या दप्तरी ठेवावी.