एकच ड्रॉइंग, अनेक हात

सबमिशनच्या आदल्या रात्री ग्रुपच्या पेनड्राइव्हमध्ये काय काय सापडतं? 'फायनल', 'फायनल-२', 'एकदम फायनल'! आता वर्कशॉपमध्ये कोणती प्रिंट द्यायची?

हा घोळ मोठ्या कंपन्यांतही होतो. एअरबस ए-३८० विमानाचे काही भाग हॅम्बुर्गला तयार होत, तर अंतिम जुळणी तुलूझला. हॅम्बुर्गला कॅटिया व्ही-४ वापरात होतं, तुलूझला व्ही-५. दोन्हीकडची माहिती नीट जुळेना, आणि प्रत्यक्ष बसवताना वायरिंग आखूड पडू लागलं. २००६ मध्ये कंपनीला वेळापत्रक पुन्हा पुन्हा पुढे ढकलावं लागलं. पहिलं विमान ग्राहकाच्या हाती पडलं ते ऑक्टोबर २००७ मध्ये.

यावर एक उपाय म्हणजे फाइल फिरवायचीच नाही! ड्रॉइंग सर्व्हरवर एकाच जागी ठेवायचं आणि सगळ्यांनी ब्राउझरमधून तेच उघडायचं. २०१० मध्ये ऑटोकॅड डब्ल्यूएस आलं, त्यात एकच ड्रॉइंग अनेकांना एकाच वेळी बदलता येत असे. पुढे सॉलिडवर्क्सचे संस्थापक जॉन हिर्श्टिक यांनी सहकाऱ्यांसह ऑनशेप काढलं, ते २०१५ मध्ये सर्वांसाठी खुलं झालं. त्यात मॉडेलचं गणित सर्व्हरवर होतं, आपल्या पीसीवर फक्त चित्र उमटतं. प्रत्येक बदलाची नोंद राहते, त्यामुळे मागच्या स्थितीला परत जाता येतं. मात्र नेट गेलं की काम थांबलं!

म्हणजे सगळे प्रश्न सुटले का? नाही. समजा, गिअरबॉक्सवर चौघं काम करताहेत. एकाने ६२०५ बेअरिंग काढून ६३०५ घातलं. आतला व्यास दोन्हींचा २५ मिमी, म्हणून शाफ्टचा व्यास बदलावा लागत नाही. पण बाहेरचा व्यास ५२ वरून ६२ मिमी होतो आणि रुंदी १५ वरून १७. हाउसिंगचं माप बेअरिंगशी जोडलेलं नसेल तर ते आपोआप बदलणार नाही. सॉफ्टवेअर 'कोणी, कधी, काय बदललं' ते सांगेल; 'का बदललं' हे माणसानेच सांगायला हवं.

म्हणून तीन गोष्टी पाळा :

१) सगळ्यांना एडिटचा अधिकार देऊ नका. तपासणाऱ्याला फक्त पाहण्याचा आणि शेरा लिहिण्याचा अधिकार पुरे.

२) वर्कशॉपला ड्रॉइंग देण्यापूर्वी व्हर्जनला नाव द्या आणि प्रिंटवर तेच नाव लिहा.

३) खातं उघडताना अटी वाचा. ऑनशेपच्या मोफत योजनेत केलेलं डिझाइन सार्वजनिक असतं, कोणीही पाहू शकतो. पेटंटचा विचार असेल तर तिथे ठेवूच नका.

थोडक्यात काय, ब्राउझर आपल्याला एक ड्रॉइंग देतो. एकमत आपल्यालाच करावं लागतं. तेव्हा मंडळी, माप बदलण्याआधी शेजारच्या रूमचं दार जरूर वाजवा!