काळ्या पाषाणाच्या मुलखातून टंगस्टनच्या शिरांकडे

मी खानदेशातल्या पिंप्राळ्याचा, म्हणजे काळ्या पाषाणावर वाढलेला. टंगस्टनच्या शिरा वाचायला शिकलो ते नागपूर जिल्ह्यातल्या कुही-खोबना पट्ट्यात. तिथे हाती आलेलं सांगतो.

१. आधी मुलूख ओळखा. खानदेशातला काळा पाषाण, म्हणजे बसाल्ट, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. त्याच्या पोकळ्यांत झिओलाइटचे देखणे स्फटिक मिळतात, सावद्याचे तर संग्राहकांत नावाजलेले. टंगस्टन मात्र तिथे शोधू नये.

२. ग्रॅनाइटचा शेवटचा रस महत्त्वाचा. शिलारस निवताना फेल्डस्पार, गारगोटी, अभ्रक जमत जातात. टंगस्टन, कथील आणि काही ठिकाणी दुर्मिळ मृदा मूलद्रव्यं या खनिजांत सहज सामावत नाहीत. ती उरलेल्या रसात साठतात. पाणी, फ्लोरिन आणि बोरॉनही तिथेच गोळा होतात. दाब वाढतो, वरचा खडक तडकतो, ऊन द्रव भेगांत शिरतो आणि निवताना गारगोटीसोबत वुल्फ्रामाइट हे टंगस्टनचं काळं खनिज मागे ठेवतो. म्हणून ग्रॅनाइटचा माथा आणि त्याला लागून असलेला जुना खडक आधी पालथा घालावा, गाभा नंतर.

३. शिरेची कड तपासा. द्रवाने फेल्डस्पार संपवून अभ्रक आणि गारगोटी उरवली असेल, तर तो ग्रायझेन. जवळ टूरमलीन दिसलं की माझी पावलं आपोआप मंदावतात. नुसती पांढरीशुभ्र शीर बहुधा कोरीच निघते.

४. हातावर विश्वास ठेवा. वुल्फ्रामाइट गारगोटीच्या अडीच पटींहून जड; नाल्याची वाळू धुतली की काळे कण तळाशी राहतात. टंगस्टनचं दुसरं खनिज शीलाइट पांढुरका, दिवसा चकवतो. रात्री अतिनील दिव्याखाली निळसर पांढरा उजळतो.

५. दुर्मिळ मृदांसाठी नजर ग्रॅनाइटवरच खिळवू नका. नर्मदेपलीकडे, छोटा उदेपूर जिल्ह्यातल्या अंबाडोंगरला त्या कार्बोनेटाइट खडकात आहेत, आणि तो आपल्या लाव्ह्याच्याच काळातला!

६. खनिज सापडणं म्हणजे खाण चालणं नव्हे. राजस्थानातल्या डेगान्याच्या ग्रॅनाइटमधून पहिल्या महायुद्धाच्या काळापासून वुल्फ्रामाइट निघालं. १९९०च्या दशकात ती खाण बंद पडली. शिरा बारीक, खर्च मोठा.

तरी टंगस्टन आपल्या रोजच्या कामात आहेच: केळीच्या बागेसाठी बोअर घेताना पाषाण फोडणारी बिटची बटणं टंगस्टन कार्बाइडचीच असतात. बोअरच्या गाडीवाल्यांना माझी विनंती आहे: झिजलेली बिटं लोखंडाच्या भंगारात मिसळू नका, वेगळी ठेवा. त्यातलं टंगस्टन पुन्हा काढता येतं.