सांसर्गिक विषाणू आणि मांजरांचा निवास

दिल्लीत डिफेन्स कॉलनीच्या उड्डाणपुलाखाली 'फ्रेंडिकोज' ही संस्था १९७९ पासून निराश्रित प्राण्यांना आसरा देत आली आहे. राजा गार्डन येथील संजय गांधी पशु देखभाल केंद्र १९८० सालचे. अशा कोणत्याही आश्रयस्थानात नवे मांजर दाखल झाले की पहिला प्रश्न उभा राहतो, तो त्याला ठेवावे कोठे हा. याचे उत्तर विषाणूच्या स्वभावावर अवलंबून असते.

पॅनल्यूकोपेनियाचा विषाणू सर्वांत चिवट होय. विष्ठेतून बाहेर पडल्यावर तो जमिनीवर, पिंजऱ्यावर, सेवकाच्या चपलांवर वर्षभरही तग धरू शकतो. अल्कोहोलला तो दाद देत नाही. प्रथम घाण धुऊन काढावी, नंतर घरगुती द्रवरूप ब्लीचचा एक भाग व पाण्याचे बत्तीस भाग असे द्रावण करून पृष्ठभाग दहा मिनिटे ओला ठेवावा. उन्हात व उष्णतेत ब्लीचचा जोर ओसरतो. दिल्लीच्या मे महिन्यात गच्चीवर ठेवलेल्या बाटलीवर विसंबणे म्हणूनच फसवे ठरते. ज्या घरात या रोगाने पिल्लू दगावले, तेथे लस न टोचलेले दुसरे पिल्लू दया येऊन लगेच आणणे म्हणजे त्यालाही त्याच वाटेने धाडणे.

उरलेले दोन विषाणू शरीराबाहेर फार काळ टिकत नाहीत. ल्यूकेमियाचा विषाणू विल्यम जॅरेट व त्यांच्या सहकाऱ्यांना ग्लासगो येथे १९६४ साली आढळला. तो लाळेतून, म्हणजे एकमेकांना चाटण्यातून व सामाईक ताटलीतून पसरतो. प्रतिकारशक्ती क्षीण करणारा दुसरा विषाणू १९८६ साली कॅलिफोर्नियात नील्स पेडरसन यांच्या चमूने वेगळा केला. तेथील एका मांजरगृहात एकाच कप्प्यातील मांजरे आजारी पडत होती, शेजारचे कप्पे मात्र निरोगी होते. हा विषाणू मुख्यतः खोल चाव्यातून जातो, हे नंतर स्पष्ट झाले. साधी जाळीची भिंत त्याला पुरेशी असते!

म्हणून ल्यूकेमियाबाधित मांजर एकटे अथवा तशाच बाधितांसोबत ठेवावे. दुसऱ्या विषाणूने बाधित, पण नसबंदी झालेले व शांत मांजर निरोगी मांजरांसह बहुधा निर्धास्त राहू शकते. माणसाला वा कुत्र्याला यांपैकी एकाचीही बाधा होत नाही. नोएडा वा गुरुग्राम येथील सदनिकेत सज्जाला जाळी लावली, की असे मांजर अनेक वर्षे सुखाने जगू शकते.

चाचणीच्या एका निकालावर मात्र प्राण्याचे भवितव्य ठरवू नये. सहा महिन्यांखालील पिल्लात आईकडून आलेली प्रतिद्रव्ये सापडतात व विषाणू नसतानाही ते बाधित भासते. उलट, ल्यूकेमियाचा संसर्ग नुकताच झाला असेल तर चाचणी तो दाखवीत नाही. किमान तीस दिवसांनी ती पुन्हा करावी लागते. पूर्वी 'बाधित' असा शेरा पडताच मांजराला मारून टाकण्याची रीत अनेक देशांत होती, आणि त्या रीतीत कित्येक निरोगी पिल्लेही बळी गेली असणार. घर देताना निकालाचा कागद, चाचणीची तारीख आणि फेरचाचणीचा दिवस या तिन्ही गोष्टी नव्या पालकाच्या हाती द्याव्यात. काही लपविले, तर मांजर सहसा परत येते किंवा रस्त्यावर सोडले जाते. उपासमारीची शक्यता असताना प्राण्याला सबळ कारणाशिवाय असे सोडून देणे १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हा आहे.