हाताला कळणारी कला

मुलांनो, टेबलावरचा जाळीदार रुमाल तुम्ही पाहिला असेल. नमाजासाठी घालतात ती हाताने विणलेली जाळीची टोपीही पाहिली असेल. या विणकामाला मराठीत क्रोशा म्हणतात. उर्दूत तुम्ही त्याला क्रोशिया म्हणता. शब्द जवळचे आहेत, काम एकच आहे.

या कामाला एक सुई आणि एक दोरा पुरतो. सुईच्या टोकाला लहान आकडा असतो. फासातून आकडा घालायचा, दोरा ओढून घ्यायचा, की साखळीची एक कडी तयार होते. साखळीवर खांब उभे करतात. गोलाच्या प्रत्येक फेरीत योग्य तेवढे टाके वाढवले, तर रुमाल सपाट होतो. वाढवणे थांबवले, की कडा खाली वळते आणि टोपीचा आकार येतो. म्हणजे विणणारीला हिशेब पक्का यावा लागतो.

चित्र आपण डोळ्यांनी पाहतो. क्रोशाची कला हातालाही कळते. तोशिको होरिउची मॅकॲडम या जपानी कलावतीने दोऱ्यांचे मोठे जाळे विणून प्रदर्शनात टांगले होते. मुले सरळ त्यात चढली. जाळे ताणू लागले, झुलू लागले. मुलांमुळे आपल्या कलेत जीव आला, असे त्या बाईंना वाटले. मग त्यांनी मुलांना खेळण्यासाठीच रंगीत जाळी विणली. जपानमधील हाकोने येथे २००९ साली त्यांचे असे जाळे एका मोठ्या लाकडी मांडवात बसवले गेले. तेथे 'हात लावू नका' असे कोणी म्हणत नाही!

आता आपल्या नदीबरोबर चला. हिमायतनगर तालुक्याजवळून वाहणाऱ्या पैनगंगेचे पाणी वर्धा आणि प्राणहिता या नद्यांतून गोदावरीला मिळते. गोदावरी समुद्राला मिळते, त्या भागात आंध्र प्रदेशातील नरसापूर हे गाव आहे. तेथे एकोणिसाव्या शतकापासून स्त्रिया क्रोशाची लेस विणतात. ही लेस परदेशात जाते. २०२४ साली तिला भौगोलिक मानांकन मिळाले.

पण मारिया मीस यांनी १९८२ सालच्या आपल्या पुस्तकात एक कटू गोष्ट दाखवली. तासन्‌तास विणणाऱ्या या स्त्रियांना मजुरी फार कमी मिळत होती. कारण लोक म्हणत, "हे काय काम आहे? घरी बसल्या बसल्या रिकाम्या वेळात करतात!"

मुलांनो, तुमची अम्मी किंवा खाला विणत असेल, तर तिच्याजवळ बसा. विणलेल्या कापडावरून हळूच हात फिरवा. प्रत्येक टाका कोणीतरी मोजलेला आहे, हे तुमच्या बोटांना कळेल.

शब्दार्थ
आकडा – वाकवलेले टोक
फास – दोऱ्याचा सैल वेढा
मजुरी – कामाचा मोबदला
कटू – कडू, मनाला दुखावणारी

स्वाध्याय
१. टोपीचा आकार कसा येतो?
२. मुले जाळ्यात चढल्यावर काय झाले?
३. नरसापूरच्या स्त्रियांना मजुरी कमी का मिळत होती?
४. डोळे मिटून एखाद्या विणलेल्या वस्तूला हात लावा. काय जाणवले ते पाच वाक्यांत लिहा.