लॉक बदलण्याआधी दार उघडं ठेवून बघा : यूपीव्हीसी आणि स्लायडिंग दार-खिडक्यांच्या दुरुस्तीचा धंदा

व्हिडिओत मी दाराचं लॉक खोलून दाखवलं, पण मापं कशी घ्यायची आणि बिल कसं करायचं हा भाग घाईत उरकला. तो इथे नीट लिहितोय. वही-पेन घेऊन बसा, कारण मापं डोक्यात राहत नाहीत.

आधी धंदा कुठे आहे ते बघू. आपल्या धाराशिव जिल्ह्यात नवीन बांधकामाला आता लाकडी चौकट क्वचितच दिसते. घरांना अॅल्युमिनियमच्या स्लायडिंग खिडक्या, जरा खर्च करणाऱ्यांकडे यूपीव्हीसीची दारं-खिडक्या, आणि हायवेला लागून असलेली हॉटेलं, दवाखाने अशा ठिकाणी आवाज आणि ऊन अडवायला डबल ग्लास. हे सगळं बसवणारे फॅब्रिकेटर भरपूर आहेत. पण बसवून चार वर्षं झाली, हँडल तुटलं, लॉक अडकलं, की तोच फॅब्रिकेटर फोन उचलत नाही. त्याचंही चूक नाही. त्याला लाखाचं नवीन काम सोडून एका हँडलसाठी लोहाऱ्याला किंवा भूमला जाणं परवडत नाही. त्याला जे परवडत नाही, तेच एका माणसाचं, एका मोटारसायकलचं आणि एका पेटीचं काम आहे.

आता माझी चूक सांगतो, कारण धडा तिथूनच सुरू होतो.

सुरुवातीच्या दिवसांत एका निवृत्त गुरुजींकडे गेलो होतो. घराचं पुढचं दार यूपीव्हीसीचं. गुरुजी म्हणाले, "हँडल वर उचलंना, किल्ली फिरंना, लॉक गेलंय बहुतेक." मी दार बंद असतानाच दोनदा हँडल ओढून बघितलं, मान हलवली, सोलापूरहून नवीन गिअरबॉक्स आणला, बसवला, पैसे घेतले. अडीच महिन्यांनी फोन आला, पुन्हा तसंच. गेलो. गुरुजींनी कपाटातून जुना गिअरबॉक्स काढून माझ्या हातात दिला. टाकला नव्हता, जपून ठेवला होता. म्हणाले, "हा जरा तपासा बरं." चौकोनी दांडी घालून फिरवला, तर लोण्यासारखा फिरला. जुना भाग चांगला होता. खराब होतं ते दार. ते खाली बसलं होतं, आणि त्याच कारणानं मी बसवलेला नवा भागही ताणून खलास झाला होता. गुरुजी रागावले नाहीत, तेच जास्त लागलं. मी पैसे परत केले आणि दार सरळ करून दिलं. त्या कामाला सुटा भाग एकही लागला नाही.

म्हणून पहिली गोष्ट ही : दार उघडं ठेवा आणि मग हँडल फिरवा.

उघड्या दारात हँडल हलकं फिरतंय, कडेचे रोलर वर-खाली सरकतायत, किल्ली फिरतेय, आणि दार लावल्यावरच सगळं अडतंय, तर लॉक निर्दोष आहे. रोलर आणि चौकटीवरची पट्टी यांची जागा जुळत नाही, एवढंच. उघड्या दारातही जड लागतंय, करकरतंय, किंवा हँडल नुसतंच गरगर फिरतंय, तर मात्र दोष आतल्या गिअरबॉक्सचा किंवा हँडलचा. ही तपासणी एका मिनिटाची आहे. ती न करता नवीन भाग विकणारा माणूस लुच्चा असतो किंवा शिकाऊ असतो. मी शिकाऊ होतो, पण गिऱ्हाइकाला दोन्ही सारखेच महाग पडतात.

गिऱ्हाइकाला आणखी एक प्रश्न नक्की विचारा : "सकाळी लागतं आणि दुपारी अडतं, असं होतं का?" यूपीव्हीसी उष्णतेनं फुगतं. एक मीटर लांबी, एक अंश वाढ, यामागे साधारण ०.०७ मिलिमीटर. आपलं दार २.१ मीटर उंच. पहाटेपेक्षा दुपारी पृष्ठभाग २० अंशांनी तापला, तर हिशोब येतो जवळजवळ ३ मिलिमीटर. आत लोखंडी पट्टी असते म्हणून प्रत्यक्षात त्याहून कमी, पण रोलर अडायला दीड-दोन मिलिमीटरही पुरतात. शिवाय बाहेरची बाजू उन्हात आणि आतली सावलीत असली, की दार किंचित धनुष्यासारखं वाकतं. आपल्याकडचा एप्रिल-मे तुम्हाला माहीतच आहे. पश्चिमेकडच्या दाराची तक्रार असेल तर सकाळी दहाला जाऊन "सगळं ठीक आहे" म्हणून परत येऊ नका. दुपारी तीनला जा.

जागा कुठे चुकतेय हे शोधायला शाळेतला खडू पुरतो. रोलरला खडू घासा, दार लावा, हँडल हळू उचला, पुन्हा उघडा. चौकटीवरच्या पट्टीला पांढरी खूण कुठे उमटली ते दिसेल. मग दाराभोवतीची फट बघा. बिजागरीच्या बाजूला वर फट मोठी आणि लॉकच्या बाजूचा खालचा कोपरा चौकटीला घासतोय, तर दार बसलंय. बिजागरीत समायोजनाचा स्क्रू असेल तर एलन की लावून अर्धा-अर्धा फेरा देत उचला आणि प्रत्येक वेळी दार लावून बघा. घाईनं दोन फेरे दिले की वरचं टोक अडायला लागतं.

बिजागरीनं भागलं नाही, तर काचेच्या कडेचं पॅकिंग बघावं लागतं. ही गोष्ट फॅब्रिकेटरकडे वर्षभर काम केलेल्या मुलांनाही बऱ्याचदा माहीत नसते. काच चौकटीत नुसती ठेवलेली नसते. बिजागरीच्या बाजूला खाली आणि लॉकच्या बाजूला वर, असं तिरकं पॅकिंग दिलं की काचच दाराला ताणून धरते, जसं बाजेला तिरका ताण दिला की ती डुगडुगत नाही. बसवताना हे पॅकिंग विसरलं असेल, तर डबल ग्लासचं वजनदार दार हळूहळू खाली येणारच. बीडिंग पातळ पट्टीनं हळू उचकटायचं, काच किंचित रेटून पॅकिंग सारायचं. हे काम एकट्यानं करू नका आणि हातमोज्यांशिवाय तर नाहीच.

एवढं करूनही उघड्या दारात हँडल जड असेल तर मग सुटे भाग. इथे पैसे जातात ते चुकीच्या मापात. सोलापूरला जाऊन आलात आणि भाग ५ मिलिमीटरनं चुकला, की दिवसाची कमाई संपली. म्हणून ही मापं घेतल्याशिवाय घराबाहेर पडायचं नाही :

खिडकीच्या हँडलला मागे चौकोनी दांडी असते, बहुतेक वेळा ७ मिलिमीटरची. दांडीची जाडी आणि ती किती बाहेर येते, दोन्ही मोजा. दोन स्क्रूंच्या मध्यांतलं अंतर बहुधा ४३ मिलिमीटर येतं. दाराला तीन मापं : हँडलच्या दांडीच्या मध्यापासून किल्लीच्या मध्यापर्यंत, दाराच्या कडेवरच्या लोखंडी पट्टीच्या तोंडापासून किल्लीच्या मध्यापर्यंत, आणि त्या पट्टीची रुंदी. पहिलं माप ८५ आणि ९२ अशा दोन्ही प्रकारांत मिळतं, डोळ्याला फरक कळत नाही, दार मात्र स्वीकारत नाही. जुना भाग काढता येत असेल तर सरळ सोबत न्या आणि दुकानदाराच्या टेबलावर नव्याशेजारी ठेवा. त्यावर काही कोरलेलं असेल तर मोबाईलवर फोटो काढा.

किल्लीचा सिलिंडर वेगळा मोजायचा. दाराच्या कडेला, किल्लीच्या रेषेत एक लांब स्क्रू असतो. तो काढा, किल्ली घालून थोडी फिरवा, आतली जीभ अंगाच्या रेषेत आली की सिलिंडर अलगद बाहेर येतो. किल्ली पूर्ण सरळ ठेवून ओढाल तर येणार नाही, आणि हातोडी मारणारे इथेच दार फोडतात. माप एकूण लांबीचं नको, स्क्रूच्या भोकाच्या मध्यापासून दोन्ही टोकांपर्यंत वेगवेगळं घ्या. ३०-३० आणि २५-३५, दोन्हींची बेरीज ६०, पण एकाच्या जागी दुसरा चालत नाही. बसवल्यावर सिलिंडर बाहेरच्या बाजूनं हँडलच्या प्लेटपुढे दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जास्त येऊ देऊ नका. बाहेर आलेलं टोक पकडीनं मोडून दार उघडता येतं, आणि चोराला हे आपल्याआधी माहीत असतं.

किल्ली नुसतीच जड असेल तर सिलिंडरमध्ये ग्रॅफाइटची पूड. खोबरेल तेल, इंजिन ऑईल अजिबात नको. आपल्याकडची धूळ त्यात बसून महिन्याभरात चिखल होतो. रोलरला मात्र थोडं ग्रीस चालतं.

अॅल्युमिनियम स्लायडिंगचं थोडक्यात सांगतो, कारण तिथेही गोष्ट तीच आहे. "लॉक पकडत नाही" म्हणून बोलावतात, आणि दोष निघतो खालच्या बेअरिंगमध्ये. बेअरिंग झिजलं की शटर खाली बसतं, लॉकची जीभ समोरच्या खाचेच्या खाली जाते. आधी ट्रॅकमधली माती ब्रशनं काढा. मग शटर वर उचलून खालून बाहेर घ्या आणि दोन्ही बेअरिंग जोडीनं बदला. वरच्या मजल्यावर शटर काढताना खाली कोणी उभं नाही ना, हे आधी बघा. एक माणूस खाली उभा करा. काम दोनशेचं असो की दोन हजारांचं, काच सारखीच पडते.

डबल ग्लासबद्दल एकच सूचना. दोन काचांच्या मध्ये वाफ धरलेली दिसली तर त्याचा लॉकशी संबंध नाही. कडेचं सील गेलंय, ते पॅनेल कारखान्यातूनच नवीन येतं. "करून देतो" म्हणू नका. टफन काच असेल तर ती नंतर कापताही येत नाही, त्यामुळे मापाची जबाबदारी पुरवठादाराकडे राहू द्या.

आता बिल. खरी अडचण इथे आहे. भाग बदलला की गिऱ्हाईक पैसे देतं, कारण हातात काहीतरी नवीन दिसतं. पण तुम्ही खडू लावून, एलन की फिरवून दार सरळ केलंत, तर ऐकावं लागतं, "नुसता स्क्रू फिरवला, त्याचे पाचशे?" मग बरेच जण पुढच्या वेळी खोटं बोलायला शिकतात. चांगला भाग काढतात आणि नवा टाकतात. ते टाळायचं असेल तर भाव कामाआधी सांगायचा. फोनवरच सांगा : येऊन बघायचे इतके, समायोजनाचे इतके, भाग लागला तर त्याचं दुकानाचं बिल दाखवून वेगळं. उदाहरणादाखल आकडे धरू. येण्याचे २०० आणि समायोजनाचे ३००. गिअरबॉक्स १,२०० चा धरला आणि बसवणावळ ४००, तर तुमच्या समायोजनानं गिऱ्हाइकाचे १,३०० वाचले. हे त्याला तोंडी सांगू नका, बिलावर लिहा : "लॉक तपासलं, चांगलं आहे, बदललं नाही." ही एक ओळ गुरुजींच्या घरानंतर माझ्या प्रत्येक बिलावर आहे. काढलेला जुना भाग गिऱ्हाइकाच्याच हातात द्यायचा, हाही नियम तिथलाच.

एकेका घराच्या मागे फिरून महिना भागत नाही, हेही खरं. धाराशिवहून तुळजापूर जाऊन-येऊन लिटरभर पेट्रोल धरा. तेवढ्या पेट्रोलमध्ये एका लॉजच्या वीस खोल्या झाल्या तर हिशोब वेगळाच होतो. तुळजापुरात लॉज आणि भक्तनिवास किती आहेत ते डोळ्यांसमोर आणा. एका खोलीत आठवड्याला किती अनोळखी हात त्याच हँडलवर पडतात, याचा विचार करा. मॅनेजरला भेटायला पौर्णिमा, मंगळवार, शुक्रवार टाळा, त्याला मान वर करायला वेळ नसतो. शारदीय नवरात्राचं काम मागायचं असेल तर भाद्रपदात देवीची मंचकी निद्रा सुरू होण्याआधी सगळ्या खोल्या तपासून झालेल्या हव्यात. घटस्थापनेला आतून अडकलेलं दार म्हणजे आत माणूस, बाहेर गर्दी. त्या दिवशी तुम्हाला तिथपर्यंत गाडीही नेता येणार नाही.

लॉजमध्ये बिघाडाचं एक कारण तर फुकटात बरं होतं. बऱ्याच यूपीव्हीसी दारांना हँडल आधी वर उचलावं लागतं, मगच किल्ली फिरते. पाहुण्याला हे माहीत नसतं, तो किल्लीवर जोर देतो आणि किल्ली आत मोडते. दारावर छोटा स्टिकर लावून द्या : "आधी हँडल वर, मग किल्ली." मराठीबरोबर कन्नड आणि तेलुगूतही छापा, कारण देवीला कर्नाटक आणि तेलंगणातून येणारे भाविक कमी नाहीत. खाली तुमचा फोन नंबर.

कागदपत्रांचं म्हणाल तर उद्यम नोंदणी मोफत आहे, एजंटला पैसे देऊ नका. नुसती सेवा देणाऱ्याला वर्षाची उलाढाल २० लाखांपर्यंत जीएसटी नोंदणी लागत नाही. २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेच्या १८ व्यवसायांत कुलूप कारागीर आहे. त्यात अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत आणि पहिल्या टप्प्यात १ लाखापर्यंत कर्ज ५ टक्के व्याजानं आहे. पण ही योजना हातानं पारंपरिक काम करणाऱ्या कारागिरांसाठी आहे. तुम्ही बसता की नाही, हे आधी सीएससी केंद्रावर विचारा, मंजुरी धरून उधारी करू नका.

आणि एक वही ठेवा. बंद दार उघडून द्यायला कोणी बोलावलं, तर घर त्याचंच आहे याची खात्री करा, शेजाऱ्याला समोर उभं करा, नाव, वेळ आणि सही वहीत घ्या. भाडेकरू आणि मालक यांच्या भांडणात रात्री दहाला फोन येतो, पैसेही जास्त मिळतात. तिथे जायचं नाही. नवीन सिलिंडर बसवला की सगळ्या किल्ल्या मोजून गिऱ्हाइकाच्या हातात द्यायच्या आणि वहीत आकडा लिहायचा : पाच दिल्या, पाच मिळाल्या, सही.