फातोर्ड्याची वाट : मुलांसह सामना पाहावयास जाताना

हुबळीच्या मराठी घरांना गोव्याची वाट नवी नाही. कुलदेवतेच्या दर्शनाला, लग्नकार्याला आपण पिढ्यान्‌पिढ्या लोंढ्यावरून घाट उतरत आलो आहोत. परंतु ऑक्टोबर २०१७ मध्ये या वाटेला एक निराळेच निमित्त लाभले. सतरा वर्षांखालील मुलांची जागतिक फुटबॉल स्पर्धा भारतात भरली आणि सहा यजमान शहरांत मडगावची निवड झाली. पुढे २०२२ मध्ये मुलींच्या स्पर्धेचे उपांत्य सामनेही तेथेच, फातोर्ड्याच्या मैदानावर झाले. अशा वेळी बालरोगतज्ज्ञाकडे पालक हमखास विचारतात, ‘डॉक्टर, मुलांना नेऊ का?’ ‘अवश्य न्या, पण तयारीने न्या,’ हे माझे उत्तर. या उत्तरामागे माझी स्वतःची एक चूक आहे.

२१ ऑक्टोबर २०१७, भाऊबीजेचा दिवस. इंग्लंड विरुद्ध अमेरिका हा उपांत्यपूर्व सामना पाहण्यास मी माझ्या नऊ वर्षांच्या मुलाला घेऊन गेलो होतो. त्याला बालदमा आहे. पिशवी आत नेता येणार नाही म्हणून ती खोलीवरच ठेवली आणि दम्याचा पंपही तिच्यातच राहिला. दिवाळीच्या फटाक्यांचा धूर, दमट हवा आणि ओरडून कोरडा पडलेला घसा. मध्यंतराला इंग्लंड दोन गोलांनी पुढे होते आणि माझ्या मुलाची छाती घरघरू लागली होती. आम्ही तडक बाहेर पडलो. औषधाच्या दुकानात पंप मिळाला, स्पेसर मिळाला नाही. तेव्हा पाण्याच्या अर्धा लिटरच्या बाटलीच्या बुडाशी पंपाच्या तोंडाएवढे भोक पाडले, पंप त्यात घट्ट बसविला आणि बाटलीचे तोंड मुलाच्या ओठांत दिले. एकेक फवारा व प्रत्येक फवाऱ्यानंतर पाचसहा संथ श्वास. थोड्या वेळाने घरघर ओसरली. इंग्लंडने सामना ४-१ असा जिंकला, पण उत्तरार्धातले तिन्ही गोल आमच्या नशिबी नव्हते. रोज इतरांना सल्ला देणारा वैद्य घराबाहेर पडला की केवळ बाप उरतो, हे त्या रात्री उमगले.

या अनुभवातून सिद्ध झालेली काही सूत्रे अशी :

आखणी : बाद फेरीत कोणता संघ कोठे खेळेल हे आयत्या वेळी ठरते, म्हणून संघ नव्हे, शहर निवडावे. २०१७ चा इंग्लंड-ब्राझील उपांत्य सामना पावसाने मैदान खराब झाल्यामुळे ऐनवेळी गुवाहाटीहून कोलकात्यास हलविला गेला. यास्तव रद्द करता येईल असेच निवासाचे आरक्षण करावे. रेल्वेचे आरक्षण सध्या साठ दिवस आधी खुले होते. २०१७ व २०२२ या दोन्ही वेळी सामने दिवाळीत आले होते आणि दिवाळीत गोव्याच्या गाड्या भरलेल्या असतात, हे ध्यानी असावे.

प्रवास : हुबळीचा फलाट १५०७ मीटर लांब आहे. आपला डबा कोठे लागतो हे आधी पाहिल्यास लहानग्यांची पायपीट वाचते. मोटारीने अनमोडचा घाट उतरताना दोन ते बारा वर्षांच्या मुलांना गाडी लागण्याचा संभव अधिक. निघण्यापूर्वी हलका आहार द्यावा व दृष्टी समोरच्या रस्त्यावर ठेवण्यास सांगावे. प्रोमेथाझिन दोन वर्षांखालील बालकास कदापि देऊ नये.

मैदानावर : आत काय नेता येते याची चौकशी आदल्या दिवशीच करावी. पंप पिशवीत नव्हे, पालकाच्या खिशात असावा आणि औषधाची चिठ्ठी सोबत असावी. मधुमेही मुलाचे इन्सुलिन व साखर यांनाही हाच नियम. मुलाच्या मनगटावर पालकाचा दूरध्वनी क्रमांक शाईने लिहावा. तान्ह्या मुलांचे कान कर्ण्यांच्या आवाजापासून जपावेत. शक्य तर त्यांना आजी-आजोबांपाशी घरीच ठेवावे.

पोट व डास : जुलाब झाल्यास जलसंजीवनीचे मोठे पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यातच कालवावे. अर्धे पाकीट अंदाजाने पेलाभर पाण्यात घालणे घातक ठरते. पावसाळा सरता सरता डेंग्यूचे दिवस असतात. पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत. संकटकाळी कर्नाटक व गोवा दोन्हीकडे १०८ हा क्रमांक चालतो.

परदेशी जाताना : २०२६ च्या विश्वचषकाचे सामने अमेरिका, कॅनडा व मेक्सिको येथील सोळा शहरांत आहेत. २०२५ मध्ये या तिन्ही देशांत गोवराच्या साथी आल्या. कॅनडाने तर गोवरमुक्तीचा दर्जाही गमावला. तेव्हा व्हिसाच्या कागदांबरोबर लसीकरणाचे कार्डही काढावे. गोवराच्या लशीच्या दोन मात्रा, किमान चार आठवड्यांच्या अंतराने, पूर्ण झालेल्या असाव्यात आणि शेवटची मात्रा निघण्यापूर्वी निदान दोन आठवडे घ्यावी. सहा ते अकरा महिन्यांच्या बालकास प्रवासापूर्वी एक मात्रा देता येते. मात्र दोन मात्रांच्या हिशेबात ती धरू नये. मेक्सिको सिटी सुमारे २२४० मीटर उंचीवर आहे. तेथे पहिले दोन दिवस मुलांना विश्रांती द्यावी.

माझा मुलगा आता महाविद्यालयात जातो. ‘बाबा, तुमच्यामुळे तीन गोल हुकले,’ असे तो अजूनही सुनावतो. मी मान्य करतो. मात्र हल्ली घराबाहेर पडताना पंप खिशात आहे का, हे तोच आधी चाचपतो. त्या तीन गोलांच्या मोबदल्यात एवढे पदरी पडले, यात मला समाधान आहे.