आबाजींच्या फायली आणि लाल इशारे

अमरावती

चि. सोनू,

आबाजींच्या फायलींवर अँटीव्हायरसनं लाल इशारे दिले, सगळ्या डिलीट करू का, असं तू विचारलंस. नको वं! आणि 'काय होते त्याले' म्हणून 'अलाऊ'ही दाबू नको. सध्या क्वारंटाइनमध्येच राहू दे. तिथं फाइल कोंडलेली असते, मेलेली नसते. फक्त काही दिवसांनी ती आपोआप पुसायची सेटिंग चालू असेल, तर आजच बंद कर.

मग इशाऱ्यातलं नाव वाच. 'डब्ल्यू९७एम' असं काही दिसलं, तर तो वर्ड ९७च्या जमान्यातला मॅक्रो व्हायरस, म्हणजे फायलीतल्या छोट्या प्रोग्रॅममध्ये दडणारा. मॅक्रो व्हायरसांपैकी 'कन्सेप्ट' १९९५ मध्ये आला, मार्च १९९९ मध्ये 'मेलिसा' ईमेलवरून जगभर पसरला. आबाजींचे लेख राजकमल चौकाजवळ एका डीटीपीवाल्याकडे टाइप व्हायचे. असा मॅक्रो व्हायरस वर्डच्या मूळ टेम्पलेटात शिरला, की त्या कॉम्प्युटरवर उघडलेली जवळजवळ प्रत्येक फाइल बाधित व्हायची. म्हणून एकाच काळातल्या ढीगभर फायलींवर तेच नाव असेल, तर इशारा खरा धर. एकट्याच फायलीवर 'जेनेरिक' किंवा 'ह्युरिस्टिक' असलं मोघम नाव असेल, तर तो अँटीव्हायरसचा अंदाज आहे, चुकूही शकतो.

नावाच्या शेवटी 'डॉक.ईएक्सई' असेल, तर मात्र ती आबाजींची फाइलच नव्हे. विंडोज शेवटचा भाग लपवते, म्हणून ती साधी 'सातबारा.डॉक' वाटते. ती खुशाल उडव.

खात्रीसाठी कुणी फाइल व्हायरसटोटल या वेबसाइटवर टाकायला सांगेल. तिथं सत्तरेक अँटीव्हायरस एकदम तपासतात, सोय चांगली आहे. पण चढवलेली फाइल इतर कंपन्यांच्या आणि अभ्यासकांच्या हातीही जाते. शेताच्या वाटणीचे कागद आणि आजीला लिहिलेली पत्रं तिथं चढवायची नाहीत. फायलीचा नुसता हॅश, म्हणजे तिचा ठसा, शोधता येतो, पण घरगुती फाइल तिथं आधी कुणी टाकलेलीच नसणार. काही सापडलं नाही म्हणून ती निर्दोष ठरत नाही.

आता काम. आबाजींच्या फायलींचा मूळ पेनड्राइव्ह बाजूला ठेव, त्याला हात लावू नको. फायलींच्या दुसऱ्या प्रतीवर अँटीव्हायरसची 'रिपेअर' चालव. बहुतेक वेळा मॅक्रो निघून जातो आणि मजकूर राहतो. जमलं नाही, तर एखाद्या जुन्या कॉम्प्युटरवर, इंटरनेट बंद करून, लिब्रेऑफिसमध्ये मॅक्रो बंद ठेवून ती प्रत उघड आणि 'डॉकएक्स' म्हणून सेव्ह कर. त्या प्रकारच्या फायलीत मॅक्रो राहूच शकत नाही. वर्डमध्ये उघडलीसच आणि पिवळी पट्टी आली, तर 'एनेबल कंटेंट' दाबायचं नाही, पट्टी कितीही गोड बोलली तरी.

फाइल उघडल्यावर मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसेल. पोट्टे लगेच म्हणतील, व्हायरसनं खाल्लं. तसं नाही. तो मजकूर श्रीलिपीत, युनिकोडच्या आधीच्या फाँटात आहे. तो फाँट टाकला की आबाजी जसेच्या तसे वाचता येतील. मग लगेच पीडीएफ काढून ठेव आणि युनिकोडमध्ये बदलायचं काम सावकाश कर. कन्व्हर्टर जोडाक्षरं आणि रफार बिघडवतो, ओळ न् ओळ ताडून पाहावी लागते. फाँटाची सीडी माझ्याकडे आहे. पुढच्या आठवड्यात अकोल्याला येतो तेव्हा आणतो. तोवर आईला विचारून वाटणीच्या कागदांची यादी तेवढी करून ठेव.

तुझा मामा